मल्लिनाथअप्पांचा कंपायलर

विजापूर रस्त्याच्या त्या कॉलनीत मल्लिनाथ बिराजदारांना विचारल्याशिवाय कुणी हंडे बाहेर काढत नव्हतं, हे आधी सांगून टाकलेलं बरं. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं तरी पहाटे येईल का भर दुपारी, ते त्या नळालाच ठाऊक. अप्पांनी त्यावरसुद्धा तोडगा काढला होता. त्यांनी सी भाषेत एक बारकासा प्रोग्रॅम लिहिला होता. मागचं पाणी कधी आलं, किती वेळ टिकलं, मध्ये कुठं पाइप फुटलाय का, एवढं त्यात घातलं की पुढच्या पाण्याचा दिवस आणि वेळ पडद्यावर यायची. दहातल्या आठ वेळा बरोबर. बायका फाटकातूनच ओरडायच्या, "अप्पा, पाणी कवा?" आणि अप्पा आतून सांगायचे, "बुधवारी, सव्वासहाला. बॅरल धुऊन ठेवा की."

आता हा प्रोग्रॅम अप्पांनी मुद्दाम अवघड करून ठेवला होता. तारीख बाहेरून द्यायची सोयच नाही. रोज सकाळी दहाला प्रोग्रॅम उघडायचा, आतली तारीख हातानं बदलायची आणि परत कंपाइल करायचा. कंपायलर म्हणजे काय, तर माणसानं लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवून देणारा दुभाषी. तो जागेवर नसेल तर लिहिलेलं नुसतं लिहिलेलंच राहतं. त्यांची मुलगी सिद्धेश्वरी म्हणायची, "अप्पा, दोन ओळींचं काम आहे, मी बदलून देते. रोजची कटकट जाईल."

"कटकट कशाची गं? रोज कंपाइल केलं की मशीन चांगलं हाय ते रोज कळतंय."

ती हसून आपल्या लॅपटॉपकडं वळायची.

अप्पा मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, दाराबाहेर मराठी. दहावी होऊन ते शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिपाई म्हणून चिकटले, ते साल अठ्ठ्याऐंशी. त्याच वर्षी कॉलेजात पहिली कॉम्प्युटरं आली. ट्रकमधली खोकी खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढवली ती अप्पांनी. खोकी उघडायची वेळ आली तेव्हा मात्र साहेबांनी त्यांना दाराबाहेर उभं केलं. एसीची खोली, चपला काढून आत जायचं, शिपायाचं तिथं काय काम? अप्पांनी ते मनाला लावून घेतलं. मशीनबरोबर आलेली जाडजूड इंग्रजी पुस्तकं कपाटात पडून होती. धूळ झाडायच्या निमित्तानं ती काढायची आणि रोज एक पान वहीत उतरवून घ्यायचं, असं त्यांनी चार वर्षं केलं. आधी अर्थ कळत नव्हता. उतरवता उतरवता कळायला लागला.

मग एकदा युनिक्सचं मोठं मशीन बसलं ते उठेचना. पुण्याहून माणूस यायला आठ दिवस लागणार, परीक्षा चार दिवसांवर, विभागप्रमुख डोक्याला हात लावून बसलेले. तेव्हा दारातून अप्पा हळूच म्हणाले, "साहेब, डिस्क भरलीय. आत जागाच न्हाय तर उठंल कसं?" साहेबांनी आधी डोळे वटारले, मग बघितलं. डिस्क खरंच भरली होती. त्या दिवसापासून अप्पा चपला काढून आत जायला लागले. पुढं रीतसर लॅब असिस्टंट झाले आणि सव्वीस वर्षं ती लॅब त्यांनी घरच्या देवघरासारखी सांभाळली. कपाळाला विभूती, पांढरा शर्ट, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. पोरं अडली की त्यांचं एकच सांगणं असायचं, "मशीन खोटं बोलत न्हाय. काय बोलतंय ते मोठ्यानं वाच की आधी!" त्या लॅबमधून शिकून गेलेली पोरं आज कुठं कुठं आहेत म्हणून सांगावं! इतर मास्तरांना पोरं पगारवाढीची पत्रं दाखवायला येतात, अप्पांना मात्र एखादा भयंकर एरर कसा सोडवला ते सांगायला यायची.

सिद्धेश्वरी त्या लॅबमध्ये कधी शिकली नाही. तिनं मुलींच्या तंत्रनिकेतनात डिप्लोमा केला, पुण्याच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचं काम धरलं. मागच्या वर्षी आई, सावित्रम्मा, गेली. सिद्धेश्वरी लॅपटॉप घेऊन आईच्या कार्याला आली ती परत गेलीच नाही. घरून काम चालत होतं, एकट्या बापाला सोडून जायला पाय उचलत नव्हता, आणि तिच्यासाठी पुण्यात तरी कोण वाट बघत बसलं होतं? थोरला भाऊ सोमशेखर पुण्यातच बायकापोरांत होता. तो दर रविवारी फोन करायचा आणि दर रविवारी तेच म्हणायचा, "अप्पांना इकडं आणू. घर बंद करू."

ऐन मे महिन्यात, पंखा लावला तरी अंगावर झळा याव्यात अशा दिवसांत, अप्पांचं मशीन बिघडायला लागलं.

पहिल्या दिवशी दहा वाजता अप्पांनी हाक मारली, "सिद्धव्वा, कंपायलर गेला की गं!" तिनं येऊन बघितलं. खरंच, मशीन म्हणत होतं, असली कमांडच सापडत नाही. तिनं पाच मिनिटांत परत बसवून दिला. अप्पांनी तारीख बदलली, पाणी शुक्रवारी असं सांगितलं, कॉलनी निवांत झाली. दुसऱ्या दिवशी कंपायलर जागेवर, पण त्याला लागणाऱ्या हेडर फायली गायब. तिसऱ्या दिवशी दोन्ही जागेवर, पण शेवटी सगळे तुकडे जोडणारा लिंकर नाही. चौथ्या दिवशी परत कंपायलर नाही. रोज नवा बिघाड! सिद्धेश्वरी रोज दुरुस्त करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच रडगाणं. अप्पा खुर्चीत मागं रेलून म्हणायचे, "कुणीतरी हात लावतंय बघ ह्याला." घरात तर दोघंच होते.

ते स्वतः का नाही दुरुस्त करत, असं तुम्ही विचाराल. करायला बसायचे. दोन पायऱ्या बरोबर करायचे, आणि तिसरीला बोटं कीबोर्डवर तशीच थांबायची. मग ते चष्मा काढून पुसायचे, परत घालायचे, परत काढायचे. सिद्धेश्वरी ते बघून न बघितल्यासारखं करायची.

बघून न बघितल्यासारखं करायच्या गोष्टी तिच्याकडं तोवर बऱ्याच साठल्या होत्या. चहात दोनदा मीठ पडलं होतं. दोनदा अप्पांनी तिला सावित्री म्हणून हाक मारली होती. एकदा कोथिंबीर आणायला गेलेले अप्पा तीन तासांनी होटगी स्टेशनच्या बाकावर सापडले, हातात कोथिंबिरीची जुडी, सुकून गेलेली. सोमशेखरला तिनं सांगितलं, जुन्या दोस्ताला भेटायला गेले होते. सोमशेखर काही दूधखुळा नव्हता. "कोण दोस्त? नाव सांग," असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं फोन ठेवून दिला.

मशीनचं कळल्यावर तर त्यानं तोंडच सोडलं. "सिद्धे, मशीन नाही बिघडलेलं. अप्पा बिघडलेत. तुला दिसतंय आणि तू झाकतेस."

"बारा वर्षांचं मशीन आहे, सोमा. डिस्क मरायला आलीय."

"बरं. रविवारी मी येतो. माझ्यासमोर अप्पांनी तो पाण्याचा प्रोग्रॅम चालवून दाखवायचा. तू हात लावायचा नाहीस. चालला तर मी परत हे नाव काढणार नाही. नाही चालला, तर सोमवारी पुण्याला डॉक्टर आणि ह्या घराला कुलूप. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. म्हणताना तिचा स्वतःवर विश्वास होता. बिघाड मशीनमध्ये आहे, तो मला सापडेल, आणि बाप माझ्याजवळ राहील. एवढं साधं होतं सगळं तिच्या डोक्यात.

मग तिनं पदर खोचला. जागा बघितली, भरपूर होती. डिस्क तपासली, ठणठणीत निघाली, तरी नवी आणून बसवली. वीज जाते-येते म्हणून स्टॅबिलायझर बदलला. आपोआप होणारे अपडेट बंद केले. रॅमची पट्टी काढून पुसून परत घातली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा अप्पांचा शिरस्ता तिनं काटेकोर पाळला. आणि रोज सकाळी दहाला ती हाक यायचीच, "सिद्धव्वा, गेला की गं!"

एक जागा तिनं बघितली नव्हती. अशा मशीनमध्ये काय टाकलं, काय काढलं, कुणी आणि किती वाजता, त्याची आपोआप नोंद होते. लॉग म्हणतात त्याला. दुसऱ्या कुणाचं मशीन असतं तर पहिल्या पाच मिनिटांत तिनं तो लॉग उघडला असता. रोजचं कामच ते तिचं, त्याचाच तर पगार घेत होती. इथं सात दिवस झाले तरी तिचा हात तिकडं गेला नाही. विसरली होती म्हणावं, तर इतकी मोठी गोष्ट कोण विसरतं? भीती वाटत होती तिला, दुसरं काही नाही.

बुधवारी दुपारी अप्पा झोपलेले असताना तिनं तो उघडला. सोमवारी संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटं, कंपायलर काढला. मंगळवारी पाच वाजून सहा मिनिटं, हेडर फायली काढल्या. सोमवारच्या आदल्या दिवशीही पाच, त्याच्या आदल्याही दिवशी पाच. प्रत्येक नोंदीखाली काढणाऱ्याचं नाव एकच होतं, मल्लिनाथ. तिनं ती यादी खालून वर तीनदा वाचली. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, नळाला पाणी नव्हतं, आणि ती तिथंच ओट्याला टेकून उभी राहिली.

पाच वाजता ती दाराच्या फटीशी थांबली. अप्पा उठले. तांब्यातल्या पाण्यानं हातपाय धुतले, कपाळाला विभूती लावली, पांढरा शर्ट घातला. दुपारी स्वतःच्या शर्टाची गुंडी लावता येत नव्हती त्या माणसाला! आता खुर्चीत ताठ बसून ते असं टाइप करत होते, की एकदासुद्धा मागं येऊन खोडायला लागलं नाही. दोन मिनिटांत काम संपलं.

"अप्पा, काय करताय?" ती आत येऊन म्हणाली.

"उद्या पहिलं प्रॅक्टिकल हाय," अप्पा मान वर न करता म्हणाले. "नवी बॅच. तयार मशीन हातात दिलं की पोरं काय शिकत न्हाईत. एकाचा कंपायलर काढायचा, एकाच्या हेडर फायली, एकाचा लिंकर. सगळ्यास्नी सारखाच बिघाड ठेवला की शेजारच्याचं बघून करत्यात लेकाचे! ज्यानं त्यानं आपलं आपण शोधायचं. एकदा हातानं शोधलं की जन्मात विसरत न्हाई माणूस."

इतकं लांबलचक, इतकं नीट अप्पा कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. रोज संध्याकाळी पाचला हा माणूस आपल्या लॅबमध्ये जात होता, उद्याच्या पोरांची तयारी करून ठेवत होता, आणि सकाळी उठून त्याच बिघाडाशी झुंजत होता. सिद्धेश्वरीला रडू आलं, आणि रडता रडता तिला आपल्या बापाचा अभिमानही वाटला. त्यातलं काय आधी आलं ते तिला सांगता आलं नसतं.

सोमशेखरला त्याच रात्री फोन करून खरं सांगायला हवं होतं. डॉक्टरकडं न्यायला हवं होतं, तेही तिला कळत होतं. पण रविवार चार दिवसांवर होता आणि तिला बाप हवा होता. हे घर हवं होतं. तो दहाचा पुकारा हवा होता. माणूस अशा वेळी शहाणपणानं कुठं वागतं?

गुरुवारी तिनं मशीनला खोटं बोलायला शिकवलं. तिला ते अर्ध्या तासाचं काम. अप्पांनी काढायची कमांड दिली की मशीननं नुसतं म्हणायचं, काढतोय, काढलं, आणि आतलं काहीच हलवायचं नाही. गुरुवारी संध्याकाळी पाचला अप्पा बसले, कमांड दिली, मशीननं सगळ्या ओळी बिनचूक दाखवल्या. "अप्पा, चहा गार होतोय," असं म्हणून तिनं त्यांना लगेच उठवलं. शुक्रवारी सकाळी दहाला तारीख बदलली, कंपाइल केलं, झालं! पाणी रविवारी, सकाळी सातला. अप्पा लहान पोरासारखे हसले. "बरं झालं की गं मशीन!" शनिवारीही तसंच. त्या दोन दिवसांत दोघं जेवायला बसले की अप्पा कडक भाकरी चुरता चुरता जुन्या गोष्टी सांगत होते, आणि सिद्धेश्वरीला वाटत होतं, जमलं. सकाळचे अप्पा सकाळी सोमाला दिसतील, बास.

रविवारी पाणी बरोबर सातला आलं. सोमशेखर नाही आला. गाडी टेंभुर्णीच्या पुढं बंद पडली. दहा वाजले, बारा वाजले, दोन. तो घरात शिरला तेव्हा पावणेपाच झाले होते.

"आज दमलायस, उद्या सकाळी बघू की," ती म्हणाली.

"उद्या सकाळी मला ऑफिस आहे. दहा मिनिटांचं काम ते, आत्ताच बघू."

अप्पांनी लेकाकडं बघून हात वर केला, बस म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले. विभूती लावून, पांढरा शर्ट घालून येऊन ते खुर्चीत बसले. सोमशेखर मागं उभा राहिला. "अप्पा, पाण्याचा प्रोग्रॅम दाखवा की," सिद्धेश्वरी घाईघाईनं म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

अप्पांनी सहज कंपायलरला हाक दिली. कंपायलर चालला. त्यांच्या भुवया चढल्या.

"हे कसं चाललं? काल काढून ठेवलं हुतं मी."

त्यांनी परत काढायची कमांड दिली. मशीन म्हणालं, काढलं. अप्पा आपल्या सवयीप्रमाणं मोठ्यानं वाचत होते. मग त्यांनी खात्री करायला कंपायलर चालवला. चालला. परत काढला. मशीन म्हणालं, काढलं. परत चालवला, परत चालला. तिसऱ्यांदा करताना त्यांनी पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. सोमशेखर काहीतरी बोलायला गेला, सिद्धेश्वरीनं त्याचा दंड धरला. मशीन खोटं बोलत नाही, हे ज्यानं उभा जन्म पोरांना सांगितलं, त्याच्यासमोर मशीन धडधडीत खोटं बोलत होतं. आणि तसं असू शकतं हे त्या माणसाच्या डोक्यातच येत नव्हतं.

अप्पांनी चष्मा काढला. वळून लेकाकडं बघितलं, आणि इतक्या हळू विचारलं, की पंख्याच्या आवाजात जेमतेम ऐकू आलं.

"सोमा, माझं डोस्कं गेलं काय रे?"

सोमशेखर पुण्याहून हेच सांगायला आला होता. तो एक पाऊल मागं सरला. सिद्धेश्वरी मात्र पुढं झाली, खुर्चीजवळ गुडघ्यावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. "न्हाई अप्पा, तुमचं काही चुकलं न्हाई. मशीन खोटं बोलत होतं. मी शिकवलं त्याला. मी केलं हे सगळं."

तिनं आपलं ते सोंग मशीनमधून काढून टाकलं. मग अप्पांनी कमांड दिली, कंपायलर खरंच निघाला, चालवून बघितला तर मशीन म्हणालं, सापडत नाही. अप्पांनी मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावरची भीती हळूहळू उतरली. ते तिच्याकडं बघायला लागले. बघत राहिले. चूक सापडली होती, आणि चूक करणारी समोर होती.

"तुमी केलं हुय हे?" ते म्हणाले. "कुठल्या बॅचच्या तुमी?"

सिद्धेश्वरीनं मान वर केली. जन्मात कधी अप्पांनी तिला तुमी म्हटलं नव्हतं. सोमशेखर भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"नवीन हाय मी," ती म्हणाली.

"मग रडताय कशाला? पहिल्या दिवशी सगळ्यांचं चुकतंय. होगली बिडु, जाऊ द्या. बसा हितं." त्यांनी आपली खुर्ची तिला दिली आणि स्वतः स्टूल ओढून घेतलं. "काय म्हणतंय मशीन? मोठ्यानं वाचा."

तिनं वाचलं. कमांड सापडत नाही.

"का सापडत न्हाई?"

"कंपायलर टाकलेला न्हाई म्हणून."

"शाब्बास. मग?"

आणि तासभर अप्पांनी तिला शिकवलं. हिला हे सगळं येतं, हे सोमशेखरला माहीत होतं, तिला माहीत होतं, फक्त अप्पांना माहीत नव्हतं. मध्येच त्यांची बोटं अडली, तर तिनं विचारलं, "सर, आता पुढं हे करायचं का?" आणि ते खूश होऊन म्हणाले, "व्हय, हेच." ती मुद्दाम एकदा चुकली. ते रागावले नाहीत. सिद्धेश्वरीला आठवेना, बाप म्हणून ते इतके मऊ कधी बोलले होते. ती प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचत राहिली, कारण वाचणं थांबलं असतं तर रडू फुटलं असतं. शेवटी कंपायलर बसला. तिनं दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, तो चालला, पडद्यावर अक्षरं आली.

अप्पांनी टाळी वाजवली. टेबलावरची जुनी वही पुढं ओढली, पेन काढलं आणि हजेरी घ्यायच्या आवाजात म्हणाले, "नाव सांगा. पूर्ण."

"सिद्धेश्वरी मल्लिनाथ बिराजदार."

ते लिहिता लिहिता थांबले. चेहरा उजळला.

"वडलांचं नाव मल्लिनाथ? माझं पन तेच की! हायेत का वडील?"

मागं सोमशेखरनं तोंडावर रुमाल धरला.

"हायेत," ती म्हणाली.

"मग घरी गेल्यावर सांगा त्यास्नी," अप्पा वहीत नाव पुरं करत म्हणाले, "पोरीनं पहिल्याच दिवशी आपल्या हातानं कंपायलर बसवला म्हणून. लई बरं वाटंल त्यास्नी."

"सांगते," ती म्हणाली.